राजा का अध्यक्ष?

बिरूतात्यांच्या गिरणीत दळण घेऊन गेलं, की डब्यात काय आहे हे ते आधी विचारत नसत. झाकण काढायच्या आत, पट्ट्याच्या आवाजावर आपला आवाज चढवून ते विचारत, "राजा का अध्यक्ष?"

नवख्या माणसाची इथं फजिती व्हायची. लग्न होऊन शेळगावात आलेल्या नव्या सुना पहिल्या दिवशी डबा तिथंच टेकवून घरी पळत. मी शाळेत बदलून आले तेव्हा मीही "गहू" असं उत्तर दिलं होतं. तात्यांनी मान हलवली आणि न चिडता पुन्हा तेच विचारलं. शेवटी मागं उभ्या असलेल्या हौसाबाईंनी मला रीत समजावली. राजा म्हटलं, तर पीठ किती बारीक काढायचं ते तात्या ठरवणार. मग तक्रार करायची नाही. अध्यक्ष म्हटलं, तर आपण ठरवायचं; मग पीठ कसंही निघो, दोष आपला.

"तुमी राजाच म्हना बाई," हौसाबाई माझ्या कानाशी म्हणाल्या. "त्यांना दळायचं कळतंय."

तात्यांना जाऊन आता वर्ष होत आलं. त्यांच्याविषयी लिहायचं असं तेव्हाच ठरवलं होतं, पण मला लिहायला वेळ लागतो, आणि गेलेल्या माणसाविषयी लिहायला तर फारच. शिवाय तात्यांविषयी लिहिताना मध्येच हसू येतं, आणि मग पेन खाली ठेवावं लागतं.

तात्या उंच, काटकुळे. भुवयांपासून चपलेच्या अंगठ्यापर्यंत पांढरे. त्यांचे वडील मेंढरं घेऊन पावसाळा संपला की कोकणात उतरत. तात्यांच्या वेळेला कळप संपला होता आणि त्या जागी ही गिरणी आली होती. पण विचार करताना ते अजून मेंढरांतच असत. "कळपात निवडणूक न्हाय," ते सांगत. "पुढं एक चालतं, मागचं मागं येतं. पुढचं खड्ड्यात गेलं, तर मागचंबी जातं. म्हून मेंढका लागतो. मेंढका म्हंजी राजा." मग थोडं थांबून स्वतःच शंका काढत, "पर मेंढका शेवटी मेंढरं इकतो, ह्ये बी खरं."

गिरणीच्या एका भिंतीवर त्यांनी जगातले राजे आणि राण्या चिकटवल्या होत्या, समोरच्या भिंतीवर अध्यक्ष. वर्तमानपत्रातून, कॅलेंडरावरून, कुठून कुठून कापून आणलेले. इंग्लंडची राणी होती, जपानचा बादशहा होता, नेपाळचे महाराज होते. पलीकडे अमेरिकेचे, फ्रान्सचे अध्यक्ष, आणि आफ्रिकेतला तुरुंगातून सुटून आलेला एक हसरा म्हातारा. गिरणीतल्या पिठानं दोन्ही भिंती इतक्या पांढऱ्या केल्या होत्या, की राणी कुठली आणि अध्यक्ष कुठला हे फक्त तात्यांनाच सांगता येई. दर दसऱ्याला ते ओल्या फडक्यानं सगळ्यांची तोंडं पुसत. आधी राजांची, मग अध्यक्षांची; पुढच्या वर्षी उलट.

ती वर्षंच तशी होती. दिल्लीत एक सरकार येई, त्यातल्या मंत्र्यांची नावं मुलांकडून पाठ करून घ्यावीत तोवर ते पडे. मी नागरिकशास्त्र शिकवायची, त्यामुळं मला याचा फार त्रास झाला. वर्तमानपत्रात मोठी माणसं लिहीत, की आता आपल्याकडं अध्यक्षीय पद्धत आणावी, एकाच माणसाला निवडावं आणि पाच वर्षं त्याला काम करू द्यावं. तितकीच मोठी दुसरी माणसं लिहीत, की एकाच्या हाती सगळं दिलं की तो राजाच होतो. पुण्याची वर्तमानपत्रं सकाळच्या एसटीनं येत आणि दुपारी गिरणीत पोचत. तिथं ती आणणारा माणूस म्हणजे अर्जुनराव.

अर्जुनराव इंदापूरला तहसील कचेरीत नोकरी करून निवृत्त झालेले. त्यांच्या आईवडिलांनी छप्पन्न साली धम्म घेतला होता. घरात बुद्धाच्या तसबिरीशेजारी त्यांनी संविधानाचा सरनामा काच लावून टांगला होता. इस्त्रीचा सदरा, खिशाला पेन, आणि बोलणं असं, की त्याच्याखाली सहीशिक्का मारला असता तरी चाललं असतं. त्यांच्या घरी सून दळणाचं बघायची. तरी ते रोज दुपारी गिरणीत येत, रिकाम्या हातानं, केवळ तात्यांना विरोध करायला. तात्या राजाच्या बाजूचे आणि अर्जुनराव प्रजासत्ताकाचे. मला नागरिकशास्त्र येतं म्हणून पंच नेमलं होतं, पण माझा निकाल कुणी मागितल्याचं आठवत नाही.

"राजाला निवडणूक न्हाय, म्हून त्याला खोटं बोलायची गरज न्हाय," तात्या म्हणत.

"गरज नाही, पण खरं बोलायची सक्तीही नाही," अर्जुनराव म्हणत.

"आवो, पर त्यो कायमचा असतोय."

"तीच तर तक्रार आहे. अध्यक्ष वाईट निघाला, तर मुदत संपल्यावर घरी पाठवता येतं."

"आन चांगला निघाला तर? त्योबी घरीच."

इथं अर्जुनराव वर्तमानपत्राची घडी घालत. म्हणजे आजचं कामकाज संपलं.

एकदा मात्र हा वाद हसण्याच्या पलीकडं गेला. तात्या रंगात येऊन राजाच्या राज्यात कसं सगळं जागच्या जागी असतं ते सांगत होते. अर्जुनराव ऐकून घेत होते. मग आवाज न चढवता म्हणाले, "तात्या, राजाच्या राज्यात माझा डबा तुमच्या दाराबाहेर राहिला असता. आणि मी डब्याच्याही पलीकडं."

तात्यांनी मोटार बंद केली. हौसाबाईंचं दळण दगडी पाळीत अर्धंच उतरलं होतं. गिरणीत एकच खुर्ची होती, लोखंडी, एक हात तुटलेली. तात्या तिला सिंहासन म्हणत आणि तिच्यावर दुसऱ्या कुणाला बसू देत नसत. सरपंच आले तरी त्यांना पोतं मिळे. तात्यांनी ती खुर्ची उचलली, खांद्यावरच्या पंच्यानं पुसली आणि अर्जुनरावांपुढं ठेवली. "बसा," एवढंच म्हणाले. स्वतः पोत्यावर जाऊन बसले.

त्या दिवसापासून खुर्ची अर्जुनरावांची झाली. राजाची बाजू तात्यांनी सोडली नाही. फक्त ती ते पोत्यावरून मांडू लागले.

बाकी गिरणीचा कारभार तात्या आपल्याच घटनेनुसार चालवत. लाईट गेली की ते हात झटकून ओट्यावर येत आणि म्हणत, "आता खरं राज्य कुणाचं हाय ते कळलं." हौसाबाईंनी एकदा जिद्दीनं "अध्यक्ष" म्हटलं आणि ज्वारी जाडसर काढून घेतली. दुसऱ्या दिवशी पीठ परत घेऊन आल्या, कारण भाकरी थापता थापता फाटत होत्या. तात्यांनी आधी त्यांना जनतेच्या कौलाचा मान राखायला सांगितलं. मग सगळं पीठ पुन्हा पाळीत ओतलं, बारीक करून दिलं आणि म्हणाले, "ह्याला मध्यावधी म्हणत्यात." सोसायटीच्या चेअरमनच्या वडिलांनीही आपल्या काळी चेअरमनकीच केलेली. एकानं खोचकपणे विचारलं, की तात्या, हा राजा धरायचा का अध्यक्ष? तात्यांनी खूप विचार केला आणि म्हणाले, मोटार तापलीय, उद्या या.

तात्यांची बायको फार आधी गेली होती. एकुलती मुलगी सुमन बारामतीत दिलेली. तात्यांना खोकला होता, तो सगळ्यांना इतका ओळखीचा होता, की तो आजार आहे असं कुणाच्या ध्यानात येत नसे. गिरणीचाच एक आवाज वाटे. सुमन त्यांना धरून इंदापूरला डॉक्टरकडं घेऊन गेली, तेव्हा डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं, की छातीत पीठ बसलंय, गिरणी सोडा, नाहीतर श्वास सोडावा लागेल. तात्या घरी आले आणि त्यांनी मोटार सुरू केली.

सुमन बारामतीहून येई, बापाच्या पुढ्यात बसून रडे, संध्याकाळच्या एसटीनं परत जाई. एकदा ती माझ्याकडं आली. म्हणाली, "बाई, तुमचं ऐकतील ते. घर मोठं हाय माझं. नातवंडं हायत. तिथं काय कमी पडणार हाय त्यांना?" बोलताना तिनं माझा हात धरला होता. तिच्या बोटांना पीठ होतं. बापाला मदत करून आली असावी.

मी दुसऱ्या दिवशी गिरणीत विषय काढला. तात्यांनी उत्तर तयारच ठेवलं होतं. "राजाला राजीनामा देता येत न्हाय, बाई. दिला, तर त्यो राजा नव्हताच म्हनायचा."

खुर्चीवरून अर्जुनराव म्हणाले, "मग अध्यक्ष व्हा."

तात्यांनी वळून पाहिलं.

"अध्यक्षाला जनता घरी पाठवू शकते. त्यात कमीपणा नसतो."

पट्टा नुसताच फिरत राहिला. सगळं आयुष्य राजाची बाजू मांडलेला माणूस आता काय बोलतो, याची आम्ही वाट पाहत होतो. तात्यांनी पंच्यानं तोंड पुसलं. "व्हय," ते म्हणाले. "घ्या मतदान. ज्याचा डबा हितं येतो, त्याला मत. गहू टाकला, तर बिरूनं बारामतीला जायचं. ज्वारी टाकली, तर हितंच ऱ्हायचं."

निवडणूक अधिकारी अर्थातच अर्जुनराव. कचेरीत असताना कितीतरी निवडणुकांची कामं त्यांनी केली होती, आणि या निवडणुकीत त्यांनी कणभरही ढिलाई केली नाही. कोपऱ्यात गोणपाटाचा पडदा बांधला. पडद्यामागं एका वाटीत गहू, एका वाटीत ज्वारी आणि झाकणाला चीर पाडलेला डबा. बोटाला लावायला माझ्या पेनातली शाई. मतदाराखेरीज पडद्याजवळ कुणी थांबायचं नाही, उमेदवारानं प्रचार करायचा नाही. तात्यांनी प्रचार केला नाही. पण त्या दिवशी गिरणी अशी झाडून, पुसून, पट्ट्याला तेल देऊन ठेवली होती, की बघणाऱ्याला कळावं. भिंतीवरचे राजे-अध्यक्षही पुसले होते, दसऱ्याला अवकाश असताना.

मतदान सुरू झालं आणि अर्जुनरावांच्या लक्षात एक गैरप्रकार आला. तात्या डोळे मिटून पोत्यावर बसले होते आणि मान पडद्याकडं कलली होती. गव्हाचा दाणा पत्र्यावर पडल्याचा आवाज वेगळा आणि ज्वारीचा वेगळा, हे त्यांच्या कानाला ठाऊक होतं. ते मतं ऐकत होते.

"गुप्त मतदानाचा भंग होतोय," अर्जुनराव म्हणाले. त्यांनी घरून रेडिओ मागवला आणि डब्याशेजारी मोठ्यानं लावला. उरलेलं मतदान शेतीविषयक कार्यक्रमाच्या साथीनं पार पडलं. शेवटी स्वतः तात्यांनी, आणि त्यांच्यानंतर अर्जुनरावांनी मत टाकलं.

आधीच्या आठवड्यात सुमन घरोघरी जाऊन आली होती, हे तात्यांना ठाऊक नव्हतं. डॉक्टर काय म्हणाले ते तिनं प्रत्येकीला सांगितलं होतं. प्रत्येकीला वाटलं, बाकीच्या तर ज्वारी टाकणारच, निदान आपल्या एका मतानं म्हाताऱ्याचा जीव वाचावा. मीही गहू टाकला.

अर्जुनरावांनी डबा सुपात उपडा केला. गहूच गहू. हौसाबाईंनी तोंडाला पदर लावला. अर्जुनरावांनी बोटानं दाणे पसरले, तेव्हा मध्ये एक ज्वारीचा दाणा दिसला. एकच.

तात्या वाकून बघत राहिले.  ते हसले, आणि मग खोकले. "एकमतानं न्हाय," ते म्हणाले. "लिवून घ्या अर्जुनराव. बहुमतानं."

मग त्यांनी तो ज्वारीचा दाणा उचलला. गव्हात ज्वारी गेली तर पीठ बिघडतं, म्हणाले, आणि तो सदऱ्याच्या खिशात ठेवला. सुपातली बाकीची सगळी मतं त्यांनी हौसाबाईंच्या डब्यात टाकली. ते त्या गिरणीतलं शेवटचं दळण. तात्यांनी विचारलं, "राजा का अध्यक्ष?" हौसाबाईंनी नुसताच डबा पुढं सरकवला. तेव्हा तात्यांनी स्वतःच पाळीला हात घातला आणि बारीक पीठ काढून दिलं.

त्या थंडीत पेपर तपासायच्या कामासाठी मला बारामतीला जावं लागलं, तेव्हा मी सुमनच्या घरी गेले. तात्यांचा खोकला बराच कमी झाला होता. अंगावरचं पीठ गेल्यामुळं ते मला आधी ओळखूच आले नाहीत; सावळा, सुरकुतलेला, कुणीतरी वेगळाच माणूस. सुमननं त्यांचं सगळं नीट केलं होतं. चष्मा नवा होता, पायात मऊ चप्पल होती.

त्यांनी मला तक्रार अशी सांगितली नाही. फक्त सांगितलं, की गॅसवाल्याला राजा का अध्यक्ष विचारलं, तर तो म्हणाला, आजोबा, मी नुसता सिलेंडर देतो. दूधवाल्यानं त्यांना आपल्या वॉर्डातल्या उमेदवाराचा चिठोरा आणून दिला. पलीकडच्या गल्लीत पिठाची चक्की होती, तिथं ते एक दिवस जाऊन बसले. "तितं नंबर देत्यात बाई. नंबर आला की डबा घ्यायचा. कुणी कुणाला कायबी इचारत न्हाय."

मग त्यांनी मला गॅलरीत नेलं. रंगाच्या रिकाम्या डब्यात ज्वारीचं एकच ताट उभं होतं. कठड्याच्या वर आलेलं, कणीस धरलेलं. आणि त्या कणसाला जावयाचा पायमोजा चढवलेला.

"चिमण्या लय त्रास देत्यात," तात्या म्हणाले.

मी विचारायच्या आधी मला कळलं, की हा कुठला दाणा. तरी विचारलं.

"त्योच," ते म्हणाले. "शेळगावची ज्वारी. हिला गॅलरी काय न् रान काय."

 मी म्हटलं, की तात्या, आम्ही सगळ्यांनी तुमच्या भल्यासाठीच.

"मला ठावं हाय की." त्यांनी डब्यातली माती बोटानं सारखी केली. "मी बी गहूच टाकला हुता, बाई. लेक किती रडून जात हुती. तिला न्हाय कसं म्हनायचं? पर आपनहून गावाला सोडून जायाचं, ते बी जमंना. गावानं घालवलं आसतं, तर जाता आलं आसतं." थोड्या वेळानं म्हणाले, "पर सगळाच गहू निघाला आसता ना, तर मी हितं फार दिस काढलं नसतं. एकाला तरी वाटलं, बिरूनं ऱ्हावं."

ते मत कुणाचं, असं त्यांनी मला विचारलं नाही. मलाही ठाऊक नव्हतं.

निघताना ते जिन्यापर्यंत आले. गॅलरीतल्या पायमोज्याकडं बोट करून म्हणाले, "अर्जुनरावांना सांगा, इरोधी मतं वाढाय लागल्यात. म्हनावं, फेरमोजणी घ्या."

शेळगावला परतल्यावर मी हा निरोप पोचवला. अर्जुनराव बंद गिरणीच्या ओट्यावर बसले होते, वर्तमानपत्र न उघडता. त्यांनी ऐकून घेतलं. मग कचेरीतल्या आवाजात म्हणाले, "फेरमोजणीसाठी उमेदवारानं स्वतः हजर राहावं लागतं. तसं कळवा." त्यांनी सुमनकडून गिरणीची किल्ली मागवून घेतली. पुढच्या आठवड्यात मी पाहिलं, तर त्यांनी खुर्ची बाहेर काढून धुतली होती आणि शेजारी एक पोतं घडी घालून ठेवलं होतं.

तात्यांनी कळवलं, कणीस पक्कं झालं की येतो.

कणीस पक्कं झालं, तात्या आले नाहीत. एका दुपारी गॅलरीत खुर्चीवर बसल्या बसल्या गेले. सुमन म्हणाली, खोकलेही नाहीत.

दहाव्याचं झाल्यावर ती शेळगावला आली. हातात पायमोजा होता, तसाच, तोंडाला दोरा बांधलेला. तिला वाटलं, तो मला द्यावा. मी तिला गिरणीच्या ओट्याकडं घेऊन गेले. अर्जुनराव पोत्यावर बसले होते. खुर्ची शेजारी रिकामी होती.

सुमननं पायमोजा त्यांच्या हातात दिला. त्यांनी दोरा सोडला आणि कणीस बाहेर काढलं. लहानसंच होतं, डब्यातल्या मातीत वाढलेलं, पण दाणे गच्च भरलेले. काही सुटून त्यांच्या इस्त्रीच्या सदऱ्यावर पडले. त्यांनी ते एकेक वेचून तळहातावर घेतले. पुष्कळ झाले, तरी अजून होतेच.

मग माझ्याकडं पाहिलं. आवाज कचेरीतला नव्हता.

"मी तर एकच टाकला होता, बाई," ते म्हणाले.